परिपत्रक रानात पोचतं तेव्हा : खानापूर-चंदगडच्या जंगलाचे कागद, १८४७ पासून आजपर्यंत

सांबऱ्याला जंगल नाही. विमानतळ आहे, एअरफोर्सचं ट्रेनिंग सेंटर आहे, शेती आहे आणि पूर्वेकडे बघावं तिकडे उघडा मुलूख. तरीही जंगलखात्याच्या कागदांवरचा हा लेख सांबऱ्यात बसून लिहिला आहे, त्याला कारण पाण्याचं. बेळगाव शहराला पाणी पुरवणारं राकसकोप धरण पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना पाणी देत जाते. रान खानापूर-चंदगडचं, पाणी सपाटीवरच्या आम्हा लोकांचं. त्या रानाचा कारभार कसा ठरत गेला, हे आपणही समजून घ्यायला हवं.

मी शिक्षणाने आणि नोकरीने सिव्हिल इंजिनिअर. इतिहास शिकलो तो स्वतःच, जुने अहवाल आणि गॅझेटिअर वाचून. साइटवर अनेक वर्षं काढल्यामुळे एक सवय मात्र लागली आहे. ऑफिसातलं ड्रॉइंग कितीही सुबक असो, मी आधी विचारतो की हे सेंटरिंगवाल्याला आणि गवंड्याला कोणी समजावलं, कोणत्या भाषेत समजावलं? जंगलाच्या इतिहासाकडेही मी तसंच बघतो. धोरण कलकत्त्यात, सिमल्यात, मुंबईत, पुढे दिल्लीत आणि बेंगळूरूत ठरलं. ते नागरगाळी किंवा कणकुंबीच्या रानात फिरणाऱ्या गार्डपर्यंत कसं पोचलं? आणि वाटेत त्यातलं काय गळून पडलं?

माझं म्हणणं आधीच सांगतो. प्रत्येक वेळी हुकूम खालपर्यंत पोचला, पण हुकमामागचं कारण मधेच कुठेतरी राहिलं. आणि जे कागद खेडुतांसाठी कधी लिहिलेच नव्हते, त्याच कागदांवर आज खेडुतांचा हक्क ठरतो आहे.

गिब्सन साहेबाचं हँडबुक

मुंबई इलाख्यात जंगलाचा स्वतंत्र अधिकारी नेमला गेला तो १८४७ साली. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती बागेचा तो सुपरिंटेंडेंट होता. त्याला इलाख्याचा पहिला कॉन्झर्व्हेटर केलं आणि १८६० पर्यंत तो त्या कामावर राहिला. कोकणातली झाडी तुटली तसे ओढे-झरे आटले, हे तो सरकारला १८४० च्या दशकापासून लिहून कळवत होता. जहाजांसाठी सागवान पाहिजे हा सरकारचा हेतू होताच, पण गिब्सनच्या लिखाणात पाण्याचा मुद्दाही ठळक आहे.

१८५७ साली, म्हणजे उठावाच्या धामधुमीच्या वर्षी, त्याचं मुंबई इलाख्याच्या जंगलांवरचं हँडबुक छापून आलं. जंगलाचं काम बघणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं मार्गदर्शन, या अर्थाने आपल्या भागातलं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक. पुस्तक इंग्रजीत, वाचणारे साहेब लोक.

गिब्सन कुमरीच्या विरोधात होता. कुमरी म्हणजे डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी घ्यायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे सरकायचं. खानापूरच्या घाटमाथ्यावर आणि शेजारच्या कारवार जिल्ह्यात ही शेती चालायची. ती थांबवायचे हुकूम निघत गेले. हुकूम गावात पोचला तो 'कुमरी बंद' एवढाच. झरे, पाऊस, माती वाहून जाणं हा जो विचार साहेबाच्या पत्रात होता तो पाटील-कुलकर्ण्यांच्या दफ्तरापर्यंत उतरलाच नाही. डोंगरावरच्या माणसाला दिसलं ते इतकंच, की पोटाचं साधन गेलं. आणि त्यातून वाचलेलं पाणी उतरलं आमच्या सपाटीवर.

फ्रान्सहून आलेला 'कूप'

१८६४ साली दिएत्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला. त्याच्या काळात इंग्लंडहून निवडलेले तरुण आधी जर्मनी आणि फ्रान्सला पाठवत, कारण शास्त्रीय वनव्यवस्थापन शिकायची सोय तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हतीच. फ्रान्समधल्या नान्सी गावच्या वनविद्यालयात शिकलेले हे अधिकारी मग इकडे येत. १८७५ मध्ये विल्यम श्लिख याच्या संपादकत्वाखाली 'इंडियन फॉरेस्टर' हे नियतकालिक निघालं. लागवड, आगीपासून बचाव, मोजणी यातले अनुभव अधिकाऱ्यांनी एकमेकांना कळवावेत, हा त्याचा हेतू. ते आजही डेहराडूनहून निघतं. १८७८ मध्ये डेहराडूनला फॉरेस्ट स्कूल सुरू झालं. आपल्याकडे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १८८० च्या सुमाराला शेतीचे आणि जंगलाचे वर्ग जोडले गेले आणि त्याचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झालं. आम्हा इंजिनिअरांच्या मातृसंस्थेत एकेकाळी रेंजर शिकत होते, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

या साखळीची खूण आपल्या बोलीत अजून आहे. खानापूर-चंदगडकडे लाकूडतोडीच्या आखून दिलेल्या तुकड्याला 'कूप' म्हणतात. संस्कृत शिकलेल्याला वाटतं विहीर. पण हा शब्द फ्रेंच 'कूप', म्हणजे तोड. नान्सीहून इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी, तिथून रेंजरच्या, रेंजरकडून कंत्राटदाराच्या आणि शेवटी कुऱ्हाडवाल्या मजुराच्या तोंडी तो बसला. 'रेंज', 'राउंड', 'बीट' हेही तसेच आले.

शब्द उतरले, पण ज्या पद्धतीतून ते आले ती उतरली का? पद्धत म्हणजे वर्किंग प्लॅन. इंजिनिअरला तो लगेच कळतो, कारण तो कामाच्या बारचार्टसारखा असतो. जंगलाचे भाग पाडायचे, कोणत्या वर्षी कोणता कूप तोडायचा ते आधी लिहून ठेवायचं, तोडलेला भाग पुन्हा वाढेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वाढेल तेवढंच काढायचं. वाढीपेक्षा तोड जास्त झाली तर मुद्दल खाल्लं, हा सगळ्या हिशेबाचा गाभा. गार्डला त्यातलं कळायचं ते कूप नंबर, हद्दीचा दगड आणि हातोड्याचा छाप. अमुक झाडावर छाप आहे, ते तोडायचं. नाही, तर सोडायचं. 'याच वर्षी हाच तुकडा का' हे सांगायची पद्धत नव्हती आणि विचारायची तर त्याहून नव्हती.

एक अपवाद नोंदवायला हवा. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला डब्ल्यू. ए. टॅलबट याने कारवारच्या जंगलात बरीच वर्षं काढली. त्याचा दोन खंडांचा वनस्पतिकोश १९०९ आणि १९११ मध्ये पुण्याच्या सरकारी छापखान्यात निघाला. त्यात लॅटिन नावांबरोबर मराठी आणि कानडी नावं आहेत. आमच्याकडचा ऐन म्हणजे कानडीतली मत्ती, नाणा म्हणजे नंदी, शिसम म्हणजे बीटे. वरच्या अधिकाऱ्याला खालच्या माणसाशी बोलायचं असेल तर झाडाचं नाव त्याच्या भाषेत यायला हवं, एवढं तरी टॅलबटला कळलं होतं.

दवंडी आणि तीन महिने

१८७८ च्या वनकायद्याने जंगलं 'राखीव' करायची रीत घालून दिली. पुढे १९२७ च्या कायद्यातही तीच राहिली. सरकारने आधी इरादा जाहीर करायचा. मग फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसरने आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा : हद्द कुठून कुठे, राखीव झाल्यावर काय होणार, आणि ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी किमान तीन महिन्यांची जी मुदत दिली असेल तिच्या आत येऊन सांगावं. लेखी सांगा किंवा तोंडी, दोन्ही चालेल. चौकशीतही आढळला नाही आणि मुदतीत मागितलाही नाही, असा हक्क संपला.

कागदावर ही पद्धत वाईट नाही. स्थानिक भाषेची अट कायद्यातच होती, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला मराठी आणि पूर्वेला कानडी. पण कायद्याची सगळी मदार एका गृहीतावर होती : जाहीरनामा चावडीवर लागला म्हणजे गावाला कळला. धनगर-गवळ्यांचा वाडा चावडीपासून दोन डोंगर पलीकडे. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. अक्षरओळख जवळजवळ नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात गुरं चारली त्यासाठी 'हक्क मागायला' जायचं असतं, ही कल्पनाच नवीन. त्या तीन महिन्यांत कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, यावर पुढच्या पिढ्यांचं भवितव्य ठरलं.

हा राग त्या काळातच शब्दांत आला होता. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. पूर्वी गरीब शेतकरी रानातली फळं-पानं विकून, चार शेळ्या-गुरं राखून पोट भरत. नव्या खात्याने डोंगर-माळ सगळं कोंडून त्यांच्या शेळ्यांनाही जागा ठेवली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

१८९४ : कारण लिहिलेला कागद

मग १९ ऑक्टोबर १८९४ चा ठराव आला. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन व्होल्कर या शेतीतज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. जळण मिळत नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो आणि शेताला खत कमी पडतं, तेव्हा जंगलाने शेतीच्या उपयोगी पडावं, असा त्याचा आग्रह होता. हिंदुस्थान सरकारच्या ठरावात त्याचं प्रतिबिंब दिसतं. जंगलांचे चार वर्ग केले : हवा-पाणी आणि डोंगरउतार यांच्या रक्षणासाठी, मोलाच्या इमारती लाकडासाठी, गावाच्या जळण-लाकडाच्या गरजेसाठी, आणि गुरांच्या चराईसाठी. पहिल्या वर्गाचं कारण स्पष्ट दिलं : डोंगरावरची झाडी राखायची ती खालच्या सपाटीवरच्या शेतीचं लोंढ्यांपासून रक्षण व्हावं म्हणून. शेवटच्या दोन वर्गांत महसुलापेक्षा लोकांच्या गरजा आधी बघायच्या. लागवडीसाठी जमिनीची खरी मागणी असेल तर काही अटींवर जंगलाची जमीनही सोडायची.

म्हणजे सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना 'का' समजावून सांगितलं होतं. पण ठराव इंग्रजीत. मुंबई इलाख्यात जंगल अधिकारी कलेक्टरच्या हाताखाली काम करायचा, त्यामुळे कागद कलेक्टर कचेरीतून मामलेदाराकडे आणि तिथून मोडीत गावाकडे जायचा. प्रत्येक टप्प्यावर मजकूर आखूड होत गेला. चार वर्गांच्या तर्काचं खाली राहिलं ते एवढंच : या भागात चराई मना, त्या भागात पास घ्या. साइटवर आम्ही याला म्हणतो, ड्रॉइंगवरच्या नोट्स गेल्या आणि नुसती मापं उरली. माप चुकलं तर दुरुस्त करता येतं, पण नोट्स गेल्यावर चुकलं की नाही हेच कळत नाही.

१९५६ : रान एक, दफ्तरं दोन

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात इथे शिरत नाही. रानाच्या अंगाने मात्र हा दिवस फार कोणी बघितलेला नाही.

खानापूर आणि चंदगडचं जंगल सलग आहे. त्या तारखेपासून त्याची दफ्तरं दोन झाली. चंदगडला १९२७ चा वनकायदा चालू राहिला. इकडे म्हैसूरने १९६३ चा स्वतःचा वनकायदा केला, मागोमाग १९६९ चे नियम आले. सूचनांची भाषा तिकडे मराठी, इकडे हळूहळू कानडी. चंदगडला 'वनक्षेत्रपाल', खानापूरला 'वलय अरण्याधिकारी', आणि लोकांच्या तोंडी दोन्हीकडे 'रेंजर साहेब'. तिकडचा वनरक्षक 'नियतक्षेत्र' सांभाळतो, इकडच्याला आता 'गस्तु अरण्य पालक' म्हणतात. गस्त शब्द दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे हे नाव तरी मराठी माणसाला परकं वाटत नाही. इकडच्या गार्डचं ट्रेनिंग धारवाडजवळ गुंगरगट्टीला, कानडीतून; आणि ड्यूटी अशा गावात जिथे म्हातारी माणसं फक्त मराठी किंवा कोकणी बोलतात. त्यात गार्डचा दोष नाही आणि म्हातारीचाही नाही.

दिल्लीचं धोरणही या काळात पार उलटं फिरलं. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाचा सूर असा, की एखादं गाव जंगलाला लागून आहे हा योगायोग. त्यावरून देशाच्या हक्कापेक्षा गावाचा हक्क मोठा ठरत नाही. १९८८ च्या धोरणाने सांगितलं, की जंगलाच्या उत्पन्नावर पहिला भार जंगलात आणि जंगलालगत राहणाऱ्यांच्या जळण, चारा, घरबांधणी अशा गरजांचा. १९६० साली भरती झालेला गार्ड धरा. त्याने तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत आधी पहिलं धोरण राबवलं आणि निवृत्तीच्या तोंडावर त्याच गावकऱ्यांबरोबर समितीत बसायला त्याला सांगितलं गेलं. कर्नाटकात १९९३ च्या आदेशाने 'ग्राम अरण्य समिती' आल्या, महाराष्ट्रात 'संयुक्त वन व्यवस्थापन समिती'. मधे १९८० चा वनसंरक्षण कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने मंजूर वर्किंग प्लॅनशिवाय झाडं तोडायला बंदी केली. कारखान्यात नवीन ड्रॉइंग आलं की जुन्यावर 'रद्द'चा शिक्का मारून ते साइटवरून उचलतात. रानात जुनं ड्रॉइंग माणसाच्या डोक्यात असतं, ते असं उचलून नेता येत नाही.

बांबूच्या बुडातले काटे

उलट दिशेचं, खालून वर जाणारं ज्ञान कसं अडतं याचं उदाहरण खानापूरच्या शेजारीच आहे. दांडेलीच्या कागद कारखान्याला कारवार जिल्ह्यातला बांबू मिळायचा. तो अंदाजापेक्षा फार लवकर संपत चालला, तेव्हा १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. खात्याची सूचना होती, की बांबूच्या बेटाच्या बुडातलं काटेरी जाळं साफ करावं, म्हणजे गर्दी कमी होऊन बेट नीट वाढेल. गावकऱ्यांनी अभ्यासकांना सांगितलं, की हे काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचं कुंपण. काटे काढले की कोंब गुराढोरांच्या आणि जंगली जनावरांच्या तोंडी लागतात. अभ्यासात गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

सूचना लिहिणाऱ्याने आपलं शास्त्र प्रामाणिकपणे वापरलं असेल. पण कुंपण बघितलेला माणूस सूचना लिहायच्या टेबलावर नव्हता, आणि सूचना वाचून 'साहेब, हे उलटं आहे' असं वर कळवायला वाटही नव्हती.

७५ वर्षांचा पुरावा

आता आजचा भाग. २००६ चा वनहक्क कायदा २००७ च्या अखेरीस अमलात आला. अनुसूचित जमातीत नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्या लोकांना हक्क मागायचा तर अट अशी : १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, पिढी २५ वर्षांची धरून म्हणजे ७५ वर्षं, त्यांचं तिथे मुख्य वास्तव्य आणि रानावर उपजीविका असली पाहिजे. खानापूरचे धनगर-गवळी या अटीत येतात, इतर शेतकरीही येतात.

साधा हिशेब करा. ७५ वर्षं मागे म्हणजे डिसेंबर १९३०. तिथून १९५६ पर्यंत सुमारे २६ वर्षं मुंबई इलाखा आणि मुंबई राज्य : इंग्रजी, मराठी, मोडी. पुढची ४९ वर्षं म्हैसूर आणि कर्नाटक : इंग्रजी आणि कानडी. एकाच कुटुंबाचा पुरावा दोन राज्यांत, तीन भाषांत आणि चार लिप्यांत विखुरलेला. नातू कानडी शाळेत शिकलेला, त्याला आजोबांची मोडी वाचता येत नाही. दावा तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही बहुधा येत नाही. चंदगडकरांची गाठ वेगळी. १९५६ पूर्वी त्यांचा जिल्हा बेळगाव, त्यामुळे जुना जिल्हा पातळीवरचा पत्रव्यवहार बेळगावच्या नावाने.

आणि इथे कागदांची गंमत आहे. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी दिली आहे. तीत गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल आहेत, वर्किंग प्लॅन, वनचौकशीचे अहवाल, सरकारी ठराव आणि परिपत्रकंही आहेत. अधिकाऱ्याने अधिकाऱ्यासाठी लिहिलेला वर्किंग प्लॅन, ज्यात अमुक वाड्याची गुरं या कंपार्टमेंटमध्ये चरतात, त्यांना आवर घाला, अशी तक्रारीची ओळ असेल, तीच ओळ आज त्या वाड्याच्या अस्तित्वाचा दाखला होऊ शकते. हाकलण्यासाठी लिहिलेला मजकूर राहण्याचा पुरावा ठरतो.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. तळेवाडी, गवाळी, आमगाव, कोंगळा, पास्टोली ही गावं त्या रानात आहेत आणि पुनर्वसनाची चर्चा तिथे चालू आहे. कोणी जायचं ठरवेल, कोणी राहायचं. दोन्ही निर्णय त्यांचे. पण कायदा सांगतो, की आधी हक्क मान्य व्हायला हवेत आणि ग्रामसभेची संमती माहितीसह, मोकळेपणाने, लेखी असायला हवी. 'माहितीसह' या शब्दात सगळं आलं. १८७८ च्या जाहीरनाम्याचाच प्रश्न दीडशे वर्षांनी परत उभा आहे : लावलेला कागद गावाला कळला का?

इतिहासाचे हौशी म्हणून आपण शिलालेख वाचतो, वीरगळ शोधतो, ते करायलाच हवं. पण मोडी वाचता येणारी चार माणसं, इंग्रजी वर्किंग प्लॅन समजणारा एखादा निवृत्त फॉरेस्टवाला आणि कानडी-मराठी दोन्ही लिहिता येणारी तरुण पोरं एकत्र बसली, तर त्या गावांच्या उपयोगी पडेल असं काम हातून होईल. घरात जुनी चराई पावती, दंडाची पावती, जंगलातून लाकूड आणल्याचा पास, हद्दीच्या दगडाचा नकाशा असेल तर फेकू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कागद कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांबरोबर सापडला ते लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या वाड्यांच्या जागा, पाणवठे आणि गुरांच्या वाटा विचारून घ्या, कारण दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही त्याच पुराव्यांच्या यादीत आहे.

चंदगडला या कामाची समिती 'वनहक्क समिती', खानापूरला 'अरण्य हक्कु समिती'. वन आणि अरण्य वेगळे झाले, हक्क दोन्हीकडे एकच राहिला. तो सिद्ध करायला लागणारे निम्मे कागद मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे आपल्या भागात दरवर्षी कमी होत आहेत.